‘पुढच्या महिन्यात बघू’

(१९९४ सालच्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०१९ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, “प्रत्येकानं पंधरा मिनिटं बोलायचं. शाळा सोडल्यावर आयुष्यात काय शिकलो, ते सांगायचं.” मी विचारलं, “चुकलेलं सांगितलं तर चालेल का?” ते म्हणाले, “चालेल, पण थोडक्यात.” तेव्हा थोडक्यात सांगते.

हा विषय आजच का घेतला, तेही सांगते. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली दर आठवड्याला कुणाचा तरी भाचा, पुतणी, मुलगा नोकरीला लागल्याची बातमी येते. पेढ्यांचा फोटो येतो. खाली आपण पन्नास जण ‘अभिनंदन’ लिहितो. पण पगार किती, तो कागदावर आहे का, कामाचे तास किती, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर वाईट दिसतं. मीही विचारलं नव्हतं, आणि त्याची किंमत आपल्याच वर्गातल्या एकाला मोजावी लागली. तो आज या मांडवात बसला आहे. त्याची परवानगी घेऊन बोलते आहे. नाव घेणार नाही, तुम्हीही इकडेतिकडे बघू नका.

बी.कॉम. झाल्यावर लग्न होऊन मी चिंचवडला गेले. मुलगी थोडी मोठी झाल्यावर, जून २००६ मध्ये, भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्सला लागले. तीस-पस्तीस कामगार होते. मोठ्या वाहन कंपनीसाठी सुटे भाग तयार करून द्यायचं जॉबवर्क चालायचं. पगार ६,५०० ठरला. मालक म्हणाले, “ताई, सहा महिने काढा. मग नऊ हजार करतो.” ऑर्डर लेटर मागायचं मला सुचलंही नाही. एवढा मोठा माणूस ताई म्हणतोय, त्याच्याकडे कागद काय मागायचा?

मालक माणूस म्हणून वाईट नव्हते, हे आधी सांगायला हवं. स्वतः एके काळी टर्नर होते, एका लेथवर धंदा उभा केलेला. दिवाळीला प्रत्येकाच्या घरी मिठाई पाठवायचे. एका कामगाराची बायको अडली तेव्हा स्वतःची गाडी चालवत तिला दवाखान्यात घेऊन गेले होते. म्हणून तर त्यांच्या शब्दावर सगळे विसंबायचे.

सहा महिन्यांनी माझे नऊ हजार झाले नाहीत. पाचशे रुपये वाढले. मी विचारलं तर म्हणाले, “पुढच्या महिन्यात बघू.” हे वाक्य मी पुढे जवळपास पाच वर्षं ऐकलं. २००८च्या दिवाळीनंतर मंदी आली, ऑर्डरी खरोखरच कमी झाल्या, तेव्हा मी स्वतःच गप्प बसले. २००९ मध्ये डिस्पॅचचा मुलगा नोकरी सोडून गेला. मालक म्हणाले, “ताई, महिनाभर सांभाळा, माणूस बघतोय.” तो माणूस मी असेपर्यंत कधीच आला नाही. सकाळी चलनं, दुपारी बिलं, संध्याकाळी हजेरी आणि महिनाअखेरीला पगारपत्रक. साडेपाचला सुटायचं ठरलेलं, पण साडेसातची पीएमपीएमएल सवयीची झाली होती. मुलीचा अभ्यास सासूबाई घ्यायच्या.

इथपर्यंतचं नुकसान माझं एकटीचं होतं. पुढचं तसं नाही.

२०१०च्या सुरुवातीला वाहनांचा बाजार पुन्हा उठला. आमच्याकडे कामाचा ढीग लागला आणि सीएनसीवर चांगला सेटर मिळेना. मालकांनी मला विचारलं, “ताई, तुमच्या गावाकडचा कुणी आहे का? आणि हो, हे एवढं मार्गी लागलं की तुमचंही बघतो.”

मला आपल्या आळीतला तो आठवला. शाळेत असताना आम्ही दोन वाक्यंही बोललो नव्हतो. तेव्हा मुलं आणि मुली बोलत होते कुठे? पण आमच्या दोघांच्या आया एकाच नळावर पाणी भरायच्या. तो आयटीआय करून साताऱ्याच्या एमआयडीसीत कायम नोकरीत होता. पगार फार नव्हता, पण सात तारखेला खात्यात जमा व्हायचा. मी त्याला फोन केला. मालकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं : अठरा हजार पगार, सुरुवातीला हातात तेरा, दरमहा पाच हजार कारखान्यात जमा राहतील, वर्षाअखेर एकरकमी मिळतील, आठ तासांची पाळी, तीन महिन्यांनी लेखी पत्र. त्यानं एकच प्रश्न विचारला : “माणूस शब्दाचा पक्का आहे का?”

मी म्हटलं, “हो.”

मित्रांनो, माझे नऊ हजार तोवर तीन वर्षं थकले होते. तरीही मी “हो” म्हटलं. त्यात माझा स्वार्थ होता. “तुमचंही बघतो” हे शब्द कानात होते. शिवाय त्याला “नाही” म्हणायचं, तर आपण स्वतः फसलो आहोत हे आधी कबूल करावं लागलं असतं. ते मला जमलं नाही.

फेब्रुवारी २०१० मध्ये तो कायम नोकरी सोडून आला. महिन्याभरातच आठवड्यातून तीन-चार दिवस बारा तासांची पाळी सुरू झाली. फॅक्टरी ॲक्ट १९४८ सालचा आहे. दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं, तर त्या जादा तासांचा पगार दुपटीनं द्यावा लागतो, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्याकडे तो एकपट मिळायचा. सरकारी तपासणीसाठी ठेवलेल्या हजेरीपटात सगळ्यांचे आठच तास असायचे. खरे तास एका कच्च्या वहीत लिहायचे, आणि ती वही माझ्या अक्षरात होती.

पुढे मालकांनी कर्ज काढून नवं मशीन घेतलं. बँकेचा हप्ता आधी जायचा. ऑक्टोबरपासून पीएफचे पैसे कामगारांच्या पगारातून कापले जात होते, पण भरले जात नव्हते. दर महिन्याला मी चलन तयार करायचे आणि ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचे. अशी सात चलनं साठली. कापलेला पीएफ न भरणं हा दंड संहितेप्रमाणे फौजदारी गुन्हा आहे, हे मला नंतर कळलं. पण चूक आहे हे कळायला कायदा वाचावा लागत नाही. त्या वेळी आजच्यासारखं मोबाइलवर पासबुक दिसत नव्हतं. त्यानं दोनदा मला विचारलं, “पीएफची पावती कधी येते गं?” मी म्हटलं, “येईल.”

एप्रिल २०११ मध्ये त्याच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. चौदा महिन्यांचे दरमहा पाच हजार, म्हणजे सत्तर हजार रुपये त्याचे कारखान्यात जमा होते. निदान तो तसं समजत होता. तो केबिनमध्ये आला. मी तिथेच बिलं घेऊन उभी होते. त्यानं पैसे मागितले. मालक म्हणाले, “कसले पाच हजार? पगार तेरा ठरला होता.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काय हो ताई, असं काही ठरलं होतं का आपलं?”

मी म्हटलं, “मला नक्की आठवत नाही.”

आजच्या या भाषणासाठी परवानगी मागायला मी त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “सांग. पण ते एक वाक्य गाळू नकोस.” म्हणून ते जसंच्या तसं सांगितलं.

त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. गावात त्याच्या आईनं माझ्या आईशी बोलणं सोडलं. आईनं फोनवर मला एवढंच विचारलं, “तू काय केलंस?”

आठवड्यानं मालकांनी मला त्याच्या हिशोबाचं व्हाउचर करायला सांगितलं. राहिलेल्या दिवसांचा पगार, आणि खाली ‘माझी सर्व येणी मिळाली, कोणतीही बाकी नाही’ असं वाक्य. त्यावर त्याची सही घ्यायचं काम माझ्याकडे. फोन मीच करायचा होता. ते वाक्य टाइप करताना माझे हात थांबले. पगारपत्रकावरचे सगळे आकडे इतकी वर्षं मीच लिहीत होते. यातला कोणता खरा आणि कोणता खोटा, हे मालकांच्या खालोखाल मलाच माहीत होतं.

त्या रात्री मी घरी सगळं सांगितलं. घराचा हप्ता चालू होता, त्यामुळे यजमान दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “त्याचा पत्ता आहे ना? चल.” मी दोनशे पानी वही घेतली. त्याचे चौदा महिन्यांचे जादा तास तारखेनिशी हातानं उतरवून काढले : ८१२ तास. महिना तेरा हजार, दिवस सव्वीस, तास आठ, म्हणजे तासाला ६२ रुपये ५० पैसे. एकपट मिळालं होतं, दुसरं एकपट राहिलं होतं : ५०,७५० रुपये. त्याच्याच खाली लिहिलं, की दरमहा पाच हजार जमा ठेवण्याचं माझ्यासमोर ठरलं होतं. सही केली, तारीख घातली. त्याच्या खोलीवर जाऊन वही त्याच्या हातात दिली. त्यानं घेतली. आत या म्हणाला नाही.

पुढे त्यानं कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज केला. सरकारी कामगार अधिकाऱ्यांसमोर तीन तारखा झाल्या. अधिकाऱ्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “लेखी काय आहे?” लेखी काहीच नव्हतं. पगाराबद्दल होती ती फक्त माझी साक्ष. तासांबद्दल मात्र वही होती, आणि कारखान्याच्या हजेरीपटाशी ती जुळत नव्हती. शेवटी तडजोड झाली. १,२०,७५० रुपयांपैकी ८०,००० मिळाले, वीस-वीस हजारांचे चार चेक. पीएफ ऑफिसला अर्ज गेल्यावर सात महिन्यांची थकबाकी भरली गेली, ती त्याच्या एकट्याची नाही, सगळ्या कामगारांची. पण वडिलांच्या ऑपरेशनसाठी त्याला सोनं गहाण ठेवावं लागलं, ते काही टळलं नाही.

मला पहिल्या तारखेनंतरच “सोमवारपासून येऊ नका” असं सांगण्यात आलं. पाच वर्षं पुरी व्हायला थोडेच दिवस राहिले होते. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनंतरच मिळते एवढंच मला माहीत होतं, म्हणून मी मागितलीच नाही. पाचव्या वर्षात २४० दिवस काम झालं असेल तर ते वर्ष पूर्ण धरावं, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, हे खूप नंतर वाचलं. साडेआठ हजार पगारावर साधारण साडेचोवीस हजार रुपये होत होते. मिळालेच असते असं नाही, पण मी अर्जसुद्धा केला नाही.

मालकांबद्दल आणखी एक सांगितलंच पाहिजे. ज्या मोठ्या कंपनीचं काम आम्ही करायचो, तिचे पैसे साठ दिवसांत यायचं ठरलेलं असून शंभर-शंभर दिवस यायचे नाहीत. लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत असा कायदा २००६ सालीच झाला, पण पुढचं काम बंद होईल म्हणून आमचे मालक तक्रार करायचे नाहीत. तेही दर आठवड्याला फोनवर “पुढच्या आठवड्यात बघू” हेच ऐकायचे. वरून मोडलेला शब्द त्यांनी खाली ढकलला, माझ्याकडे आलेला मी आणखी खाली ढकलला. शेवटी तो ज्याच्यापाशी थांबला, त्याच्याखाली ढकलायला कुणीच नव्हतं. म्हणून मालकांची अडचण मला समजते. तरीही ती अडचण त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगायला हवी होती. कापलेल्या पीएफनं ती भागवायची नव्हती.

आता मी दुसऱ्या एका कंपनीत पगारपत्रकाचंच काम बघते. त्या अनुभवावरून, ज्यांच्या घरात कुणी नोकरीला लागतंय त्यांना काही गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, ठरलेलं कागदावर घ्या. पत्र मिळत नसेल, तर त्याच संध्याकाळी आपणच ईमेल किंवा व्हॉट्सॲप करा : ‘साहेब, आज आपलं असं असं ठरलं. अमुक तारखेपासून पगार इतका होईल. धन्यवाद.’ यात भांडण नाही. शब्द पाळायची इच्छा असलेला माणूस त्यावर रागावत नाही.

दुसरी, ‘बघू’ला तारीख मागा. आपले गणिताचे सर आठवतात ना? समासात तारीख नसेल तर वही तपासायचेच नाहीत, परत द्यायचे. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा. सर समोर बसले आहेत म्हणून सांगते, पुढे आयुष्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती तुमची ती सवय, आणि मी ती नेमकी नको तिथे विसरले.

तिसरी, दुसऱ्याचं काम अंगावर आलं तर लगेच नाही म्हणू नका, पण दोन प्रश्न विचारा : हे किती तारखेपर्यंत? आणि माझ्या आधीच्या कामांपैकी कोणतं तोवर बाजूला ठेवू? ‘महिनाभर सांभाळा’ याला महिना संपल्यावर आठवण करून द्यायची असते. मी दोन वर्षं करून दिली नाही.

चौथी, स्वतःची वही ठेवा. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, रोज एक ओळ. दुकानं आणि ऑफिसांसाठी महाराष्ट्रात २०१७चा नवा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि त्यावर दुप्पट दर, हे त्यातही आहे. पण तास किती झाले हे सांगता आलं, तरच त्या दराचा उपयोग.

पाचवी, पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडा. २०१४ पासून यूएएन नंबर आला आहे, मोबाइलवर सगळं दिसतं. पगाराच्या पावतीवर कपात दिसते आणि पासबुकात जमा दिसत नाही, असं दोन महिने झालं तर तिसऱ्या महिन्याची वाट बघू नका.

सहावी, कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर, तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. आणि पैसे हातात आल्याशिवाय ‘सर्व येणी मिळाली’ यावर तर नाहीच नाही.

एक गोष्ट मालकांसाठी. हसू नका, आपल्या तुकडीत आता बरेच जण मालक आहेत. कुणाचं मेडिकल आहे, कुणाचा क्लास, कुणाचं हॉस्पिटल, कुणाचं मंगल कार्यालय. तुम्हाला एवढीच विनंती, की शब्द छोटा द्या. अठरा देणं जमत नसेल तर तेराच सांगा. येणारा माणूस तेराचा विचार करून ठरवेल, यायचं की नाही. अठरा ऐकून तो मागची नोकरी सोडून येतो. तिथला दरवाजा तोवर बंद झालेला असतो, आणि तो पुन्हा उघडून देणं तुमच्या हातात नसतं.

आणि एक गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. आपण एकमेकांची मुलं एकमेकांकडे नोकरीला पाठवतो. ‘माणूस चांगला आहे, जा’ असं सांगतो. तसं म्हणताना आपण त्या माणसाच्या शब्दाला जामीन राहतो. स्वतःला आलेला अनुभव तेवढा खरा सांगा. ‘मला वेळेवर पगार मिळतो’ किंवा ‘माझीच वाढ चार वर्षं अडकली आहे’, जे असेल ते. मी त्या दिवशी फोनवर हे दुसरं वाक्य बोलले असते, तर तो साताऱ्यातच राहिला असता.

तो आणि मी सहा वर्षं बोललो नाही. २०१७ मध्ये आपला ग्रुप झाला, त्यात दोघांचे नंबर आले. महिनाभरानं त्यानं मला वेगळा मेसेज केला. त्याच्या भाच्याचं नेमणूकपत्र पाठवलं होतं, खाली लिहिलं होतं : ‘वाचून सांग, काही राहिलंय का?’ मी वाचलं. जादा तासांच्या दराचा उल्लेख राहिला होता, तो सांगितला. त्यानं ‘बरं’ एवढंच उत्तर दिलं. मला ते पुष्कळ होतं.

चहाच्या वेळी मी त्या उजवीकडच्या आंब्याखाली बसणार आहे. ज्यांच्या घरात कुणाला नवी नोकरी लागली आहे त्यांनी मोबाइलमध्ये नेमणूकपत्र असेल तर घेऊन या, आपण एकत्र वाचू. पत्र नसेल तर ते मागायचा मेसेज तिथेच बसून लिहू.

वेळ थोडा जास्त घेतला. सर, बाई, शाळेनं लिहायला-वाचायला आणि तारीख घालायला शिकवलं, त्याबद्दल ऋणी आहे.